वायसर: दहा मिनिटांचं काम

४ मार्च, सोमवार
न्हाणीघरातला नळ ठिबकतोय. सायरा म्हणाली, नाझिराला बोलवू. नाझिरा म्हणजे तिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी; निम्म्या बिश्केकचे नळ तीच दुरुस्त करते. मी साफ नाही म्हटलं. बावीस वर्षं ट्रॅक्टर कारखान्यात काढलीत मी. (नियोजन विभागात, पण कारखाना तो कारखानाच.) शिवाय ही बया वायसर एकदा बदलेल आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक मेजवानीत भावजींची फिरकी घेईल.

शनिवारी मुलाची आई, बुरुलखानबाई, आमच्या लेकीच्या, ऐपेरीच्या कानात डूल घालायला येणार. डूल घातले की सोयरीक पक्की. बाई कडक आहेत म्हणे. असू देत. हाताशी पाच दिवस, काम दहा मिनिटांचं.

५ मार्च
नळाचा नुसता अभ्यास केला. चहा पाच वेळा.

६ मार्च
वायसर झिजलाय. बाजारातल्या मालावर माझा विश्वास नाही, घरीच कापला. रबर झकास मिळालं. सायरा पावसाळी बूट शोधतेय, एकच सापडतोय म्हणे. मीही शोधू लागलो.

७ मार्च
ठिबकणं पूर्ण बंद! आता सलग धार लागते. म्हणजे प्रगती आहे. सायराने पुन्हा नाझिराचं नाव काढलं. ऐपेरी नुसती बघत राहिली. लहानपणी तिची सायकल मी दुरुस्त केली, तेव्हाही अशीच बघत होती.

८ मार्च
महिला दिन. सायराला फुलं दिली. तिने बूट मागितला.

९ मार्च, सकाळी १०
नळ जरासा आवळला. चाकी हातात आली, फवारा छताला. तळघरात धावलो, मोठा कॉक बंद केला. परिस्थिती पूर्ण ताब्यात.

९ मार्च, संध्याकाळी
तो कॉक पाचही मजल्यांचा आहे, हे कुणीतरी आधी सांगायला नको?

पाहुणे आले. जेवणाआधी त्यांच्या हातावर पाणी घालायचं, तर घरात थेंब नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वेरा स्तेपानोव्ना डोक्याला साबण तसाच घेऊन थेट बैठकीत. काय बोलल्या ते लिहीत नाही. बुरुलखानबाईंनी डूल परत पिशवीत ठेवले. ऐपेरीचा चेहरा बघवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सायराने फोन केला. नाझिरा आली, दहा मिनिटांत नळ गप्प केला, हात पुसत म्हणाली, भावजी, ते तुमचे ट्रॅक्टर चालायचे तरी का हो?

बुरुलखानबाई पहिल्यांदा हसल्या. नाझिराला शेजारी बसवून घेतलं. मग सायराला स्पष्टच विचारलं, पोरगी मावशीवर गेलीय की बापावर?

सायराने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच्या नानवर हात ठेवून शपथ घेतली, बापाचा एक गुण असेल पोरीत तर हा घास मला पचायचा नाही. नानची खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही. तरी बाईंची खात्री पटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऐपेरीनेही पाहिलं.

मीही नानवर हात ठेवला.

ऐपेरीला डूल फार शोभतात.