सात नंबरचं पोतं

२ एप्रिल
आज कामाचा पहिला दिवस, आणि छान गेला. छावणीच्या बाजारामागं एका ठेकेदाराची पत्र्याची शेड आहे. पंखे मोठे, टेबलं स्वच्छ, चहा दोनदा. सरहद्दीवरच्या चौक्यांना लागणारी साधी औषधं इथं पाकिटांत बांधतात. तापाच्या गोळ्या, सर्दीच्या, अंगाला खाज सुटली तर त्याच्या, जुलाबासाठी मीठ-साखरेची पुडी. डॉक्टर जिथं दिवसभराच्या वाटेवर असतो तिथं हे पाकीटच डॉक्टर.

सुदर्शनला जाऊन तीन वर्षं झाली. लेक सुयशही फौजेतच गेला, बापासारखा. घर रिकामं. शाळा सातवीपर्यंत झाली, पण रद्दीतली पुस्तकं आणून वाचत आले. अक्षर बरं आहे म्हणून मला चिठ्ठ्यांचं काम दिलं. शेजारच्या टेबलावरची रूपा म्हणाली, ताई, तुम्ही लिहा, माझं अक्षर लागलं नाही तर जवान गोळी सोडून मला शोधत येईल.

४ एप्रिल
कडुबा मामा इथले मुख्य. फौजेच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेली. त्यांचा नियम असा की प्रत्येक पाकिटात हातानं लिहिलेली चिठ्ठी हवी. कोणती गोळी, किती, किती तासांनी, कशासोबत. छापलेला कागद पोरं फेकून देतात. हातानं लिहिलेलं वाचतात आणि ऐकतात, घरून आल्यासारखं. गोळी घेतली की त्याच चिठ्ठीवर वेळ लिहायची. दर गुरुवारी रिकामी पाकिटं आणि चिठ्ठ्या पोत्यांतून परत येतात. कुणी जास्त घेतल्या का, ते मी बघायचं. शनिवारी नवी पोती चिकलठाण्याहून विमानानं जातात. चौकीला एक पोतं, पोत्यावर चौकीचा नंबर.

११ एप्रिल
मामांनी आज शिकवणी घेतली. उन्हात घाम गेलेल्या माणसाला उपाशीपोटी दुखण्याची गोळी द्यायची नाही, मूत्रपिंड जातं. खाजेच्या गोळीनं झोप येते, पहाऱ्याआधी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापाची गोळी आणि सर्दीची गोळी, नावं दोन असली तरी बहुतेक वेळा आत औषध एकच. दोन्ही घेतल्या की दुप्पट होतं आणि लिव्हर जळतं. माणूस पहिले दोन दिवस ठणठणीत दिसतो, मग पिवळा पडतो.

रूपानं विचारलं, लई ताप असला तर दोन जास्त दिल्या तर काय होतंय? मामा म्हणाले, “बाई, हा तिळगूळ हाय का, घ्या घ्या म्हणून वाटायला?”

सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून निघाला तेव्हा सुदर्शनच्या पिशवीत सर्दीच्या गोळ्या मीच घातल्या होत्या. चौकीवरून फोन आला, ताप आहे, चौकीतल्या गोळ्या चालू आहेत. मी म्हणाले, माझ्या पण घ्या, तीन-तीन तासांनी घ्या. पाचव्या दिवशी तो गेला. कावीळ, असं कळवलं होतं.

आज जेवले नाही.

१७ एप्रिल
सात नंबरच्या पोत्यात एक चिठ्ठी निघाली. दिवसभरात ठरल्याच्या तिप्पट गोळ्या, तीन-तीन तासांनी. आकडे सुदर्शनच्या हातचे. त्याचा चार असाच असायचा, शेपूट वर ओढलेली.

मामांना दाखवली. त्यांनी लगेच कळवलं. उत्तर आलं, चौकीवर सगळे ठीक, इतक्या गोळ्या कुणी घेतल्याच नाहीत. मामा म्हणाले, ही चौकी तीन वर्षं बंद होती, याच महिन्यात उघडली. तीन वर्षांपूर्वी तिथं माझा सुदर्शन होता.

२४ एप्रिल
पुन्हा. या वेळी चिठ्ठीच्या मागं लिहिलेलं होतं.

“सुरेखा, ताप उतरत नाही. तू दिलेल्या संपल्या.”

शनिवारच्या पोत्यात मी एक चिठ्ठी जास्त घातली. हात जोडते, आता घेऊ नका.

१ मे
उत्तर आलं.

“आता घेऊ नका म्हणतेस?”

एवढंच. कागद गरम होता. पंख्याखाली ठेवला तरी गरमच.

३ मे
रात्रंदिवस विचार केला. जो गेला त्याला आता काय बाधणार? निदान ताप तरी उतरेल. एका पाकिटात मावतील तेवढ्या गोळ्या भरल्या, दोन्ही प्रकारच्या. चिठ्ठी लिहिली, सगळ्या घ्या, बरं वाटेल. खाली नाव घालायचं धैर्य झालं नाही. सात नंबरच्या पोत्यात टाकलं. पोतं गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

५ मे
सुयशचा फोन. चौकी बदलली म्हणाला, कुठली ते सांगता येत नाही. जरा कणकण आहे. मी म्हणाले, काळजी घे. एवढंच म्हणाले—

७ मे
सुयशचा फोन. आनंदात होता. म्हणाला, “आई, पाकिटात तुझी चिठ्ठी आली. अक्षर लगेच ओळखलं. सगळ्या घेतल्या बघ.”

कधी, विचारलं. परवा. आता ताप नाही, काल भाकरी खाल्ली, ठणठणीत आहे. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा, ते विष आहे. तो हसला, तू पण ना आई, असं काहीतरी— लाइन गेली.

ठणठणीत आहे म्हणाला.

मामांना सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही. फोनवर फोन लावतायत. चौकी लागत नाही. डॉक्टरची गाडी निघालीय म्हणतात. दिवसभराची वाट.

८ मे, सकाळ
गाडी पोचली नाही. दरड.

८ मे
दरडीआधी निघालेली पोती आली. सात नंबर मीच फोडलं.

माझी चिठ्ठी. सुयशनं वेळ लिहिलीय, नीट, शिकवल्यासारखी. मागं दुसरं अक्षर—

“सुरेखा, पोरगं आलं माझ्याकडं. आता त्यालाही म्हण, घेऊ नको.”

कागद थंड आहे. बर्फासारखा—

मामा दारात आलेत. हातात फोन. आत येत नाहीत. खाली बघतायत. मी लिहीत राहणार, वर बघणार नाही, मामांनी तोंड उघडेपर्यंत सुयश अजून—