जनकाबाईच्या गाडग्यातल्या विरजणाबाबत

मी, हिंमतराव भगवंतराव उमाळे, वय सदुसष्ट, पूर्वी कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवीत असे, हल्ली पेन्शनवर, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावलेले नाही की फूस लावलेली नाही. मान मात्र खाली आहे. ती कायद्याच्या आड येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो.

कलम १. खामगावचे राहते घर, विहीर व मागची मोकळी जागा माझी थोरली बहीण जनकाबाई, राहणार पिंपळगाव राजा, हिला मिळावी. चिरंजीव लक्ष्मीकांत पुण्यास चांगल्या नोकरीत असून त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे. 'आत्याच्या लुगड्याला दह्याचा आंबूस वास येतो' म्हणून त्याने तिला पाहुण्यांपुढून उठवून आत बसवले होते. मी तिथेच वर्तमानपत्र वाचत होतो.

कलम २. सूक्ष्मदर्शक कॉलेजला द्यावा. नोकरीत असताना तिथे ठेवलेला माझा फ्रीज देऊ नये. माजी प्राचार्यांनी लेकीच्या लग्नातले श्रीखंड ठेवायला त्यातून माझ्या जीवाणूंच्या नळ्या बाहेर काढल्या होत्या. तो राग अजून गेलेला नाही.

कलम ३. आता त्या नळ्यांविषयी. आक्काच्या, म्हणजे जनकाबाईच्या, घरचे दही भर वैशाखातही लवकर नासत नसे. त्यातले जीवाणू मी या नळ्यांत वाढवीत आलो. त्यांना एक मारक द्रव्य करता येते. प्रथिनाचा अगदी लहान तुकडा असतो तो, पण त्याने आसपासचे परके जीवाणू मरतात. काचेच्या थाळीत परक्यांचा सायीसारखा थर वाढवायचा आणि त्यावर आपल्या नळीतला थेंब ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटतो. त्या गोलावर मला डॉक्टरेट मिळाली, शाल-नारळ मिळाले. पुढे गोल लहान होत गेला आणि एके वर्षी उमटलाच नाही.

कारण फार उशिरा कळले. ही विद्या जीवाणूच्या मुख्य वारशात नसून बाजूच्या एका छोट्या, बांगडीसारख्या कड्यात असते. त्या कड्यात दोन गोष्टी असतात: द्रव्य करण्याची कला आणि त्याच द्रव्यापासून स्वतःचा बचाव. एखाद्या पेशीत कला बिघडते, बचाव तेवढा शाबूत राहतो. तिला काम नाही आणि भीतीही नाही, म्हणून ती भराभर वाढते. मी दर खेपेला नवी नळी लावताना सगळ्यात तरतरीत वाढलेली निवडली. स्वच्छ नळीत शत्रूच नव्हता, त्यामुळे बिनकामाच्यांचे फावले. निवडून निवडून मी कामाचे तेच फेकून दिले.

आमच्या घरीही हेच झाले. तरतरीत म्हणून बाबांनी मला खामगावच्या शाळेत घातले, आणि वांग्यांच्या वाफ्यांना पाणी द्यायला माणूस हवे म्हणून आक्काची शाळा सोडवली. तिने राबून पिकवलेल्या भाजीवर मी शिकलो. याची लाज मला नळ्या वाया गेल्यावर वाटू लागली, आधी वाटली नाही. त्या लाजेचीही लाज वाटते.

कलम ४. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला आक्काकडे गेलो आणि तिच्या गाडग्यातले दही वाटीत घेऊन आलो. थेंब थाळीवर ठेवला. गोल आला, पूर्वीइतकाच मोठा. तेव्हापासून पुन्हा पुन्हा करून पाहतो, येतोच. तिच्या गाडग्यात धूळ जाते, परके जीवाणू जातात. तिथे कामाच्यांवाचून निभाव लागत नाही. तरी माझ्या सर्व नळ्या उकळून फेकाव्यात. विरजण आक्काचे आहे, ते देण्याचा मला अधिकार नाही. ज्याला हवे त्याने तिच्याकडे जाऊन मागावे. दिवेलागणीनंतर जाऊ नये, ती देत नाही.

कलम ५. काल आक्का इथे आली असता शेजारी उत्तमराव यांनी वरचा मसुदा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "घर काऊन मले? पोराशी वाईटपण नको घेऊ. थो गोल दाखव मले, एवढा गावभर सांगून राह्यला तं."

तेव्हा ध्यानात आले की इतक्या वर्षांत मी तो तिला कधी दाखवलाच नव्हता. परीक्षकांना दाखवला, प्राचार्यांना दाखवला, लक्ष्मीकांतच्या मित्रांनाही दाखवला होता.

ताजी थाळी आणून तिच्या हातात दिली. खिडकीच्या उजेडात धरून तिने बराच वेळ पाहिली.

"याच्यासाठी माही शाळा सुटली होय रे?" ती म्हणाली. मग थाळी पुन्हा उजेडाकडे फिरवून म्हणाली, "चांगलं हाये."

मला मान वर करता आली नाही. तिचा नकार ऐकूनही कलम १ कायम ठेवतो. थाळी ती पदराखाली घेऊन गेली आहे. ती माझ्या मालमत्तेतून वजा धरावी.

स्थळ: खामगाव
तारीख: ८ जून १९७७

सही: हिंमतराव भगवंतराव उमाळे

आमच्या समोर वाचून, समजून सही केली:
१. उत्तमराव किसनराव हागे, शेजारी
२. नारायणराव महादेवराव तायडे, निवृत्त कारकून