रत्नाची सव्वा मूठ

धुळे,
१७ ऑगस्ट १९९४

प्रिय सौ. रत्नास,

स. न. वि. वि. तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. तुझ्या संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसातून दर शुक्रवारी पत्रांची थैली निघते म्हणे, म्हणून हे आजच टाकतो. इकडे सर्व क्षेम. आई तुझ्या नावाने देवाला रोज एक फूल जास्त वाहते आणि माझ्या भाजीत रोज मीठ जास्त घालते. तू नसल्याने तिला कोणी काही बोलत नाही.

घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढत असतो तोवर बरं असतं. कालव्याची रेघ कुठून कुठे जायची ते ठरलेलं असतं. संध्याकाळी घरी येतो तर पुढच्या खोलीतल्या तुझ्या दवाखान्याला कुलूप. मंगळवारी भिकुबाई रक्तदाब मोजून घ्यायला आली. तू आफ्रिकेत गेलीस हे तिला तीनदा सांगितलं. तरी ती तासभर बाकावर कुलपाकडे बघत बसली आणि आता बरं वाटतं म्हणून निघून गेली. मीही तिच्या शेजारी बसलो होतो. मला काही बरं वाटलं नाही.

रविवारी आपली कानबाई देवी बसली. प्रसादाच्या रोटाचे गहू मोजायला आपल्या घरात माणसं ती किती, आई, मी आणि तू. दर माणशी सव्वा मूठ. मी आपलं म्हटलं की रत्ना यंदा नाही, दोघांचेच घे. आई माझ्यावर उखडली. माणूस घरमा नई म्हनीसन त्याना वाटा बंद व्हस का, म्हणाली. तुझी मूठ तिने मला भरायला लावली. पण रोट घरच्याच माणसाने खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही आणि उरवायचाही नाही. मग तुझा वाटा खाणार कोण? शेवटी तुझे गहू तिने दळलेच नाहीत. पिवळ्या फडक्यात पुरचुंडी बांधून देवघरात ठेवले आहेत. तू आलीस की दळणार. असं कधी कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण आईपुढे शास्त्र कोण सांगणार?

एक विचारतो, राग मानू नकोस. हगवणीचे रोगी आपल्या साक्री-शिरपूरकडे कमी होते का? ज्यांची भाषा कळत नाही त्यांच्यासाठी तू समुद्र ओलांडलास आणि ज्याची कळते तो इथे कुलपाकडे बघतो आहे.

उत्तर सविस्तर पाठव. लोभ आहेच, तो इतक्या लांबून पोचतो का तेवढं कळव.

तुझा,
लोटन


गोमा, झाईर,
२ सप्टेंबर १९९४

श्री. लोटनराव यांस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं, लोभही पोचला. पाकीट थोडं भिजलं होतं एवढंच. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं मीठ मी आल्यावर बघते.

या निर्वासितांच्या छावणीची जमीन म्हणजे नुसता काळा दगड, आपल्या लळिंगच्या डोंगरासारखा. कुदळ चालत नाही, त्यामुळे पाण्यासाठी खणता येत नाही, संडासासाठी नाही आणि माणूस पुरायलाही नाही. पटकी आता ओसरली, पण रक्ताची हगवण सुरू आहे. पाण्याला इथे अमाझी म्हणतात. दिवसभरात हा शब्द मी इतक्यांदा ऐकते, की धुळ्याला आल्यावर नळाला अमाझी आलं का असंच विचारीन. एक म्हातारी आहे, माझं मनगट धरते ते सोडत नाही. तिची मुलं वाटेत गेली. मी तिच्याशी मराठीत बोलते आणि ती मान हलवते.

तुमच्या प्रश्नाचा राग आला नाही. साक्रीला रोगी आहेत, खरं आहे. पण तिथे मी नसले तर निदान सिव्हिल हॉस्पिटलचं दार असतं. इथे दार एकच आणि तेही ताडपत्रीचं. ते लावून घ्यायला माझा हात धजत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी तीन महिन्यांची बोली ३० ऑक्टोबरला संपते. संस्थेने डिसेंबरअखेरपर्यंत थांबाल का म्हणून विचारलं आहे. येताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. ते मला इथे सलतं, म्हणून या वेळी विचारते. तुम्ही फक्त ‘ये’ लिहा, मी येईन, आणि मनात अढी न ठेवता येईन. मलाही घराची आठवण येते. त्या पुरचुंडीचं वाचून मी ताडपत्रीच्या मागे जाऊन रडले, हे आईंना सांगू नका.

भिकुबाईला मीठ कमी खायला सांगा. तुमची माया आहे तशीच राहू द्या, एवढंच मागणं.

तुमची,
रत्ना


जळगाव,
२३ सप्टेंबर १९९४

चि. लोटन यास,

अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. सुरतेला प्लेग निघाला हे तू वाचलंच असशील. गाड्या भरभरून माणसं येताहेत. बठ्ठं गाव तोंडाला रुमाल बांधून हिंडतं आणि टेट्रासायक्लिनची गोळी औषधाला मिळत नाही.

काकांचा चुडामण सुरतेला लूमवर आहे ना, तो बायकोमुलीला घेऊन निघाल्याचं कळलं. नवापूरकडून आला तर आधी तुझंच घर लागेल. मी वाईट बोलते असं वाटेल, पण दार उघडू नकोस. आईचं वय बघ. घरात डॉक्टर असती तर वेगळी गोष्ट.

आणि रत्नाला सरळ ये म्हणून लिही. दुसऱ्यांच्या रोगाला धावली आणि रोग इथे आपल्या वेशीवर आला. नवऱ्याने इतकंही म्हणू नये का? आईला जप, स्वतःला जप, आणि अक्काची आठवण ठेवत जा.

तुझी,
अक्का


धुळे,
२ ऑक्टोबर १९९४

प्रिय सौ. रत्नास,

स. न. वि. वि. आधी हे वाच, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पेपर बघून घाबरू नकोस.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. वाचल्या वाचल्या ‘ये’ लिहायचं ठरवलं होतं. चांगले शब्द जुळवत बसलो आणि त्या आठवड्याची थैली चुकली. तेवढ्यात अक्काचं पत्र आलं, की चुडामण आला तर दार उघडू नकोस.

गेल्या रविवारी सकाळी तो आला. तोंडाला रुमाल, बायको मागे, आणि खांद्यावर चार वर्षांची मुलगी सुंदर, तापाने फणफणलेली. नवापूरपासून ट्रकने आले होते. रत्ना, मी दाराला आतून कडी लावली. खिडकीतून त्याला सांगितलं की आई म्हातारी आहे, तू सिव्हिलला जा. त्याने वहिनी कुठे म्हणून विचारलं फक्त. तू परदेशात असल्याचं सांगितलं, तर मान हलवली आणि तिघं जाऊन तुझ्या दवाखान्याच्या बाकावर बसले, भिकुबाई बसते तिथेच. मी आत उभा होतो. ताडपत्रीच्या दाराचं तुझं वाक्य मला पाठ झालं होतं, तरी हात कडीकडे गेला नाही.

आई आंघोळ करून आली. तिने खिडकीतून बघितलं. खिळ्यावरची किल्ली घेतली, मागच्या दाराने गेली आणि दवाखाना उघडला. पोरीला तुझ्या तपासायच्या टेबलावर निजवलं. मग घरात येऊन पुरचुंडी सोडली. तो रत्नाचा वाटा आहे असं मी म्हटलं. आई म्हणाली, वाटा तिना शे, ती ऱ्हाती ते तिनी हाईच करं असतं. जात्यावर तुझे गहू भरडले आणि पोरीला लापशी करून चारली. देवाचं धान्य बाहेरच्याला देऊ नये म्हणणारी आमची आई.

त्यानंतर मी बाहेर गेलो. सायकलवरून जाऊन कंपाउंडर पितांबरला घेऊन आलो, पोरीला सिव्हिलला नेलं. हिवताप निघाला. आता ती उठून बसते आणि माझ्या पट्ट्या पेन्सिली पळवते. चुडामणने मला एका शब्दाने दुखवलेलं नाही. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पितांबर आणि मी संध्याकाळी दवाखाना उघडतो. औषध देत नाही. मीठसाखरेचं पाणी करायला शिकवतो, बाकीच्यांना सिव्हिलची वाट दाखवतो. तुझ्या खुर्चीवर मी बसत नाही.

तू विचारलंस म्हणून उत्तर देतो. मला फार एकटं वाटतं. ताटावर बसलो की तुझा पाट भिंतीला उभा दिसतो आणि घास फिरतो. तरी ‘ये’ लिहीत नाही. तुझी मूठ भरली तो हात माझा, आणि कडी लावली तोही माझाच. त्या हाताने ‘ये’ लिहायची मला लाज वाटते. डिसेंबरअखेर थांब. त्या म्हातारीचं मनगट सोडू नकोस.

पुरचुंडीचं फडकं आईने धुऊन दिलं आहे, ते या पाकिटात घालतो. तिचा निरोप असा, की तिथलं काही आणू नको, फडकं तेवढं परत आण. पुढच्या कानबाईला तुझी सव्वा मूठ तूच भरायची आहे. दाराला हल्ली दिवसभर कडी नसते. लोभ ठेव, या पत्रानंतरही.

तुझा,
लोटन