मधली पट्टी

रविवार, ९ मार्च

आदरणीय सर,

तुम्हाला आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या काकूंना नमस्कार. डोळे साथ देत नसले तरी तुमचे कान तिखट आहेत, तेव्हा अक्षर कसंही असलं तरी वाक्यं जपून लिहिते आहे.

प्रयोगशाळेत सगळं ठीक. म्हणजे एसी पुन्हा बिघडलाय. खोली जरा तापली की लेझर रुसून बसतात आणि माझ्या जोडीला असलेला आपला लांब्या दिवसभर आरशांचे स्क्रू पिळत त्यांची मनधरणी करतो. तुमची खुर्ची खिडकीपाशीच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, वायरींची भेंडोळी मात्र खुशाल बसतात.

काकू, तुम्ही फोनवर विचारलंत, "अगं, तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय?" तर ऐका. लेझरच्या चिमट्यांनी एकेक अणू पकडून पटावरच्या सोंगट्यांसारखा मांडायचा. मग लेझरचा रंग हळूहळू बदलत त्यांना उठवायचं. नियम एकच, एक उठला की त्याच्या शेजाऱ्याने झोपायचं. सुरुवातीला सगळेच झोपलेले, शेवटी एकाआड एक जागे, कवायतीला उभे असल्यासारखे. हा बदल एका झटक्यात होतो असं सगळे म्हणायचे. सर म्हणाले, नाही, मधे एक अरुंद पट्टी आहे. तिथे अणू धड झोपलेलेही नसतात आणि धड शिस्तीतही नसतात, एका तिसऱ्याच अवस्थेत असतात. लोक हसले. सरांचे केस पिकेपर्यंत हसत राहिले. हे गणित कुठल्याच संगणकाला पेललं नाही, म्हणून खुद्द अणूंनाच विचारायला हे यंत्र उभं केलं.

सर, छोट्या मांडणीत ती पट्टी दिसली तेव्हा तुम्ही पडद्याला बोट लावून म्हणालात, "ही बघ, कशी निवांत ऊन खात बसलीय!" त्या दिवशी आपण चहासुद्धा उभ्याउभ्याच प्यायलो.

मोठ्या मांडणीत काय दिसलं, हे तुम्ही मागच्या दोन्ही पत्रांत विचारलंत. मी दोन्ही वेळा एसीबद्दल लिहिलं.

काकू, आता पुढचं जसंच्या तसं वाचा. परवा तुम्ही म्हणालात, "दिसली म्हणून लिहून टाक गं. त्यांचे आता राहिलेत किती दिवस?" मी तसं लिहायला बसलेही होते. पण सर लगेच विचारतील, "पट दुप्पट केल्यावर पट्टी केवढी उरली?" मग तुम्ही काय सांगणार?

सर, दुप्पट केल्यावर अर्धी उरली. चौपट केल्यावर पाव. आम्ही चिमटे बदलले, रंग आणखी सावकाश बदलून पाहिला, लांब्याने अणू ज्यात धरतो त्या काचेच्या पेटीतली हवा पुन्हा उपसली. सगळ्यात मोठ्या पटावर ती नाहीच. छोट्या पटावर दिसली ती काठामुळे. काठावरच्या अणूला एका बाजूने शेजारी नसतो, त्याला झोपवणारा एक कमी, आणि छोट्या पटात बघावं तिकडे काठच. हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी फळ्यावर शिकवलं होतंत. आपण सगळेच विसरलो, कारण आपल्याला ती हवी होती.

मला तर फार हवी होती. तुमच्यासाठी. रडून झालंय, आता नुसतं डोकं जड आहे.

यंत्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाकडे जातंय. त्यांचा विषय वेगळा आहे. मोजायचं काही राहिलंय, कुठे चूक सापडेल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. मलाच ती नाही.

पट्टी नाही, हे सांगणारा लेख लिहून तयार आहे. त्यावर पहिलं नाव मी तुमचं घातलंय. नको असेल तर काकूंना कळवायला सांगा. कुणीच काही कळवलं नाही, तर तुम्ही हे शेवटपर्यंत ऐकलंत आणि नाव राहू द्यायचं ठरवलंत असं मी समजेन.

तुमची शेवटची विद्यार्थिनी