आईची झिलमिल

१२ मे
स. ११. दुकानात एका काकाच्या स्कूटीले रेडियमचे नंबर चिपकवून राहिलो होतो. मधातच उजवीकडचं दिसणं बंद. मग एक चमकती रेघ, करवतीच्या दातासारखी, थरथरणारी. मोठीच होत गेली. मले वाटलं, आंधळा होऊन राहिलो. शेवटचा आकडा राहूनच गेला, मले दिसलाच नाही तो. मालक रम्मूभाऊ म्हणे, "पुन्हा मस्करी का गा? मास्तरच्या गाडीवर 'नवरदेव' कोणं चिपकवलं होतं?"
मीच.
अर्ध्या घंट्यानं डोकं फुटाले आलं.

१३ मे
आईले नाही सांगितलं. ती बी हेच सांगत आली. "झिलमिल आली रे" म्हणते, शिवण सोडते, अंधाऱ्या खोलीत पडते. अन् मी? डोक्याले ओढणी बांधून पोट्ट्यांसमोर तिची नक्कल. "झिलमिल आली वं माय." सगळे हसत. एकदा ती दारातच उभी होती. पाहून आत गेली.
जाऊ दे.

१९ मे
सरकारी दवाखाना, दोन घंटे लाइन. डॉ. मॅडम म्हणे, डोळे चांगले आहेत, हे मेंदूतलं आहे. मागच्या बाजूले, जिथं दिसण्याचं काम चालते, तिथून लाट सुटते. मिनिटाले दोन-तीन मिलिमीटर. (माहा मेंदू बी आळशीच.) लाटेच्या तोंडाशी पेशी भडकतात, ती चमक. मागच्या गप्प पडतात, तो काळा डाग. सगळे कूलर लागले की गल्लीत लाइट जाते, तसंच.
"घरी कोणाला आहे?"
"आईले."
"औषध काय चालू आहे तिचं?"
औषध? आपण तर नाटक म्हणत होतो.
"आईकडून येऊ शकतं हे. तिलाही घेऊन ये."
म्हणजे सांगा लागन. सांगितलं तर आई म्हणन, माह्यामुळं झालं.

२० मे
सांगतो म्हणून बसलो. पोहे दिले तिनं. "काहून गप आहे? काय लफडं केलं?"
नाही सांगितलं.

२३ मे
दुपारी आईले झिलमिल आली. ब्लाउजची बाही अर्धी टाकून पडली. मी पडदा ओढला. ती डोळे गच्च दाबून.
"आई, मिटून काही होत नाही. मिटल्यावर बी दिसतेच ते."
तिनं हात खाली घेतला.
"तुले काय माहीत?"
मी पाण्याचा गिलास पुढं केला.
"तुले बी..."
"तू पड पहिले. वीस मिनिटं जाऊ दे."
तिनं माहा हात पकडला. अजून सोडला नाही. डाव्या हातानं लिहून राहिलो