टोपलीखालचं दुखणं

प्रिय मोठीमाय,

तुले माती दिली तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतो अन् टाळतो. घुग्घुसले ट्रकवर राह्यलो, मुलचेऱ्यात बंगाल्यांच्या तळ्यावर मासे काढले. काय मासे होते गं! जाऊ दे, भरकटलो. आज लिहितो, कारण उद्या बाजार आहे अन् मले दवाखान्यातल्या त्या नर्सबाईचा हिशोब चुकता करायचा आहे.

तुले दवाखान्यात जायले बाजाराचाच दिवस काऊन सापडला? मोहफुलांची टोपली डोक्यावर असली की विधवेले कोणी 'कुठी चालली?' विचारत नाई, हे खरं. पण गावातल्या साऱ्याच बाया आपलं दुखणं असंच टोपलीखाली लपवून नेतात! दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्धं गाव बसलेलं.

तू हळूच म्हणाली, "बाई, अंगावरून जाते. आग होते."

टेबलामागची नर्सबाई ओरडली, "या वयात, आजी? बुढा तर कवाच गेला ना तुझा! मग हे कोणाकडून आणलं?"

व्हरांडा हसला. हसणाऱ्यांनीच मले सांगितलं, पुन्हा हसत हसत. तू तपासून न घेता टोपली उचलून आली, ते पुन्हा ती पायरी चढली नाई. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पिशवी सडली, आधी काऊन नाई आणलं?

काऊन? त्या बाईले विचारा ना!

अन् तो डोमाजी भाऊ! बुढा गेल्यावर तेंदूपत्ता तोडता तोडता तुमची जोडी जमली. माय टोमणे मारे, तर तू मले म्हणे, "म्हातारपणीच जास्त थंडी वाजते, बापू!" मले किती हसू ये! पण तुझं नाव गावभर झालं तेव्हा हा माणूस मुका. तुझ्या मातीलेही सगळ्यांच्या मागं उभा. परवा त्याच्या दारात थुंकून आलो. तू असती तर रागावली असती. रागाव!

वचन देतो, मोठीमाय. उद्या भरल्या व्हरांड्यात त्या बाईचे शब्द तिच्याच आवाजात तिच्या तोंडावर फेकीन. तिले खाली पाहायले लावल्याशिवाय हटणार नाई.

थांब, दारात कोणी खाकरलं.

डोमाजी! धुतलेलं धोतर नेसून आला. रिकाम्या हातानं, टोपलीबिपली काही नाई. म्हणते, "मलेही आग होते, बापू. उद्या गाडीवर घेशील? ती बाई विचारन ना, कोणाकडून आणलं? मोठ्यानं सांगतो. तुझ्या मोठीमायचं नाव घेऊन सांगतो."

अजून त्याले बस म्हटलं नाई. पण गाडी पुसून ठेवतो.

तुझाच उनाड,
सुरेश