डावा पीळ

ब्रॉमयार्ड
गुरुवार, १२ सप्टेंबर २०१९

प्रिय ऑब्री,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलं नाही, तेव्हा राहू दे. अक्षर ओळखलंस का? या अक्षरातली पत्रं तुला एके काळी आठवड्याला दोन यायची. तू माझ्या बाबांच्याच गॅरेजात काम करायचास, आपण रोज भेटायचो, तरी मी लिहायची आणि तुझ्या डब्यात ठेवायची. नाताळात आपलं लग्न व्हायचं होतं. सत्ताविसाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असू शकतो याचा पुरावा हवा असेल तर ती पत्रं काढून वाच, ठेवली असलीस तर.

सोमवारी तुझी इमोजन तुझी हिरवी गाडी घेऊन माझ्याकडे आली. गोड पोरगी आहे. नाक तुझं घेतलंय, जीभ सुदैवाने दुसऱ्या कुणाची तरी. गॅरेजच्या पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे, तो जाऊन सहा वर्षं झाली तरी मी ‘मॅडॉक्स’ पुसलेलं नाही. त्यामुळे आपण कुणाच्या दारात उभे आहोत ते तिला कळायचं कारणच नव्हतं. म्हणाली, “बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही त्यांना. नाहीतर या गाडीला ते कुणाला शिवू देत नाहीत. मला बजावून सांगितलंय, तेल बदलून घे, ब्रेक बघून घे, स्टीअरिंगला मात्र हात लावू देऊ नकोस. पण मिसेस मॅडॉक्स, ते चाक नुसतं डुगडुगतंय हो. मी माझ्या मुलीला घेऊन जाते यातून. तुम्ही बघाच. कुणीतरी प्रॉबर्ट केलंय बहुतेक.” आणि हसली.

प्रॉबर्ट केलंय म्हणजे काय, असं मी विचारलं. अगदी साध्या आवाजात विचारलं, मला त्याचा अभिमान आहे. “अहो, आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात म्हणतात तसं. बोल्ट न आवळता काम तसंच सोडून द्यायचं, त्याला प्रॉबर्ट करणं म्हणतात. कुणी विसरभोळा म्हातारा होता म्हणे त्या नावाचा, चहा प्यायला गेला तो परत आलाच नाही. बाबा क्लबाचे अध्यक्ष आहेत ना, दर वर्षी संमेलनात सांगतात ती गोष्ट. तुम्ही ऐकाच एकदा, पोट धरून हसाल.” मी तिला चहा करून दिला. दूध जरा जास्त पडलं.

माझ्या बापाच्या नावाचं तू क्रियापद केलंस, ऑब्री. तुझ्या संमेलनांना मी कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे हे मला पस्तीस वर्षांनी कळलं, तेही तुझ्या लेकीच्या तोंडून.

मिस एलवुडची निळी गाडी तुला आठवतेच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस एलवुड, थंडीतही हातमोजे न घालणारी, बोटं आखडतात म्हणून. स्टीअरिंगच्या दांड्याच्या जोडातली रबरी चकती विरली होती, म्हणून नवीन मागवली होती. जोड म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू त्यावर पुस्तिका काढली आहेस: दर दहा वर्षांनी बदला, चारही बोल्ट आवळा, बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवून पिळा. बाबांनी कधी पुस्तिका काढली नाही. ते फक्त आवळायचे आणि पिळायचे.

चकती बसली, मिस एलवुड गाडी घेऊन गेली आणि नवव्या दिवशी उतारावरच्या वळणावर तिच्या हातातलं चाक गरगर फिरलं, गाडी सरळ कुंपणातून सफरचंदाच्या झाडावर गेली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. ऑर्गन तिने पुन्हा वाजवला नाही. तू दुसऱ्या दिवशी बाबांच्या समोर उभा राहून किती हळुवारपणे बोललास, मला शब्द न् शब्द पाठ आहे. “आयव्हर, वाईट वाटून घेऊ नका, पण ते काम तुम्हीच करत होता. मी बघितलं, बोल्ट नुसते अडकवलेत आणि तुम्ही चहाला गेलात. मला वाटलं, परत येऊन आवळाल.” बाबांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, “असेल बाबा. मला आठवत नाही.”

विमा कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला विचारायची संधीही दिली नाही. चूक माझीच, म्हणाले आणि सही केली. सही झाल्यावर गाडीखाली शिरून कोण बघणार? सहा महिन्यांत तू लेडबरीला ‘ट्रँटर’ अशी पाटी लावून स्वतःचं गॅरेज काढलंस आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं तुझ्या मागे आली. विसरभोळ्या माणसाच्या घरात सोयरीक नको, असं तुझ्या आईने कळवलं. तुझ्या आईने. तुझ्या हाताला तेव्हा काय झालं होतं?

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. पाना परत हातात धरला नाही. जेवता जेवता उठायचे आणि नळ बंद आहे का बघून यायचे, बसायचे, परत उठायचे. आपल्याला आठवत नाही म्हणजे आपण केलंच असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. आणि सर्वांत वाईट ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही: त्या दिवशी मीही त्यांच्यावरच ओरडले. “बाबा, आठवून बघा, असं कसं विसरता तुम्ही?” मी तुझी बाजू घेतली. तुझ्यावर राग आहे तो आहेच, पण या एका वाक्यासाठी मी तुला जास्त शाप दिले आहेत.

एप्रिलमध्ये मिस एलवुड गेली. तिच्या पुतण्याचा, रसेलचा फोन आला, की आत्याची निळी गाडी सफरचंदाच्या सायडरच्या कोठारात ताडपत्रीखाली तशीच पडलीय, सुटे भाग हवे असतील तर घेऊन जा. मी गेले. पुढचा भाग चेपलेला, आत उंदरांची घरटी. मी खाली शिरले आणि टॉर्च मारला.

चारही बोल्ट घट्ट होते, ऑब्री. इतके घट्ट की मला पान्याला नळी लावून जोर द्यावा लागला. तार जागच्या जागी होती. फाटलं होतं ते रबर. जुनं, भेगाळलेलं रबर, वरून ब्रशने काळा रंग फासलेला, रंग भेगांत उतरलेला. आणि तारेचा पीळ उजवा होता. माझे बाबा डावखुरे होते. त्यांची पक्कड डावीकडे फिरायची, त्यांची तार नेहमी उलटी पिळलेली असायची. त्यावरून त्यांची थट्टा सर्वांत जास्त कोण करायचं? “आयव्हर, तुमच्या तारेला गावाचा रस्ता माहीत नाही,” हे तुझंच. ते काम बाबांनी केलंच नव्हतं. विसरले नव्हते, त्यांच्याकडे आठवायला काही नव्हतंच.

ती फाटकी चकती तारेसकट मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली. एकच कोडं सुटत नव्हतं. नवीन चकती आलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. बाबांना स्पेलिंगची धास्ती, म्हणून आलेल्या भागावर ते गिऱ्हाइकाचं चित्र कोरायचे. बेकरीवाल्याचा पाव, डॉक्टरांची बाटली. मिस एलवुडच्या चकतीच्या पोलादी कड्यावर त्यांनी खिळ्याने संगीताची खूण कोरली होती, एक टिंब आणि त्याला दांडी, आणि ती आपल्या दोघांना दाखवलीही होती. मग ती चकती गेली कुठे?

तू तेव्हा तुझी मोडकी हिरवी गाडी नव्याने जोडत होतास, आणि तिलाही तसलीच चकती लागायची. हाताशी पैसे नव्हते आणि घाई फार होती.

सोमवारी इमोजन गेल्यावर मी बॉनेट उघडलं आणि बंद केलं. दोन दिवस गाडी तशीच उभी ठेवली. खरं सांगते, मनात आलं की तेल बदलावं, ब्रेक बघावेत आणि तू सांगितलंस तसं स्टीअरिंगला हात न लावता गाडी परत पाठवावी. रबर एका बाजूने आरपार चिरलं होतं. ब्रॉमयार्ड ते लेडबरी रस्त्यावर वळणं पुष्कळ आहेत. मागच्या सीटवर तुझ्या नातीचा लाल रबरी बूट पडला होता, एकच. तो नसता तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही, आणि तुला वाटतं तितकी मी चांगली नाही.

काल काढली ती चकती. कड्यावरचा गंज घासला. टिंब आणि दांडी. दर दहा वर्षांनी बदला असं जगाला सांगणाऱ्या माणसाने स्वतःची पस्तीस वर्षं का बदलली नाही आणि कुणाला शिवू का दिली नाही, तेही मग कळलं. आता माझ्या डब्यात दोन चकत्या आहेत.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. गाडीला नवीन चकती बसवली आहे. चारही बोल्ट आवळलेत, तार ओवून पिळली आहे, निर्धास्त चालव. एकच गोष्ट मी मुद्दाम केलेली नाही. रबरातून वीज जात नाही, म्हणून जोडावरून हॉर्नची एक छोटी तार न्यावी लागते. ती मी लावलेली नाही. ती या लिफाफ्यात आहे. इमोजनला सांगितलंय की तेवढं काम बाबांना स्वतःच्या हाताने करायला आवडेल. रविवारी संमेलनात अध्यक्षांचा हॉर्न वाजल्याशिवाय गाड्यांची मिरवणूक निघत नाही, असं तीच कौतुकाने सांगत होती. तेव्हा खुबा कितीही दुखला तरी तुला बॉनेट उघडून वाकावं लागेल. वाकलास की बघ, बोल्टांच्या तारेचा पीळ डावा आहे. बाबांसारखा पीळ द्यायला मला बुधवारची सबंध दुपार लागली, माझा डावा हात अजून ठणकतोय. रविवारी मी आणि रसेल पुढच्या रांगेत असू, डबा माझ्या मांडीवर असेल. हॉर्न वाजवण्याआधी तू उभा राहून ती गोष्ट या वेळी खरी सांगायचीस, सगळ्यांसमोर, इमोजनसमोर. नाही सांगितलीस तर मी सांगेन, आणि मला ती तुझ्यापेक्षा चांगली येते. क्लबाला त्या कामासाठी शब्द हवाच असेल तर राहू दे, माझी हरकत नाही. फक्त यापुढे त्याला ट्रँटर करणं म्हणायचं.

तुझी होता होता राहिलेली,
आयव्हर प्रॉबर्टची मुलगी
ग्लेनिस